प्रदर्शनातले इंजिन, मुळशीतले इंधन : विमान-प्रणोदनाचा एक आढावा

विमानाच्या इंजिनाचे नवे तंत्रज्ञान जगापुढे मांडण्याची रूढ जागा म्हणजे विमानप्रदर्शन. पॅरिसजवळच्या ल बुर्जे येथे विषम वर्षी, इंग्लंडमधील फार्नबरो येथे सम वर्षी आणि बंगळूरजवळच्या येलहंका हवाईतळावर १९९६ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या मेळ्यांत गर्दी होते ती लढाऊ विमानांच्या कसरती पाहायला. पण ज्या दालनांत इंजिनांचे उत्पादक आपली कापून उघडी केलेली यंत्रे, पंख्याची पाती आणि अद्याप न बनलेल्या इंजिनांच्या प्रतिकृती मांडून बसलेले असतात, तेथे पुढल्या वीस-पंचवीस वर्षांचे व्यवहार ठरत असतात. प्रणोदन म्हणजे विमानाला पुढे रेटणारी शक्ती निर्माण करण्याची सगळी व्यवस्था, आणि तिच्यात इंजिनाबरोबर पंखा, गिअर, इंधन आणि नियंत्रणप्रणालीही आली. या व्यवस्थेबद्दल प्रदर्शनांतून जे दावे केले जातात ते कोणत्या कसोटीवर घासून पाहावेत आणि त्यांतला किती वाटा महाराष्ट्राच्या, विशेषतः पुणे जिल्ह्याच्या हाती आहे, हा या आढाव्याचा विषय आहे. प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. चाकणला जेट इंजिनांचे सुटे भाग बनतात, मुंढव्यात विमानाच्या भागांची घडाई होते आणि मुळशी तालुक्यात पिरंगुटहून मुठा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उरवडे येथे, प्राज इंडस्ट्रीजचे ‘प्राज मॅट्रिक्स’ हे संशोधनकेंद्र आहे. याच कंपनीने बनवलेले विमान-इंधन २०२३ मध्ये एका प्रवासी विमानात प्रत्यक्ष जळाले.

दाव्यांकडे वळण्यापूर्वी मूळ तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. जेट इंजिन समोरून हवा आत ओढते, तिचा वेग वाढवून ती मागे फेकते आणि त्या प्रतिक्रियेने विमान पुढे जाते. या पुढे लोटणाऱ्या बलाला रेटा म्हणतात आणि तो किलोन्यूटन या एककात मोजतात. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो वजनाइतके बल. तेवढाच रेटा दोन प्रकारे मिळू शकतो : थोडी हवा फार वेगाने फेकून, किंवा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकून. रेटा हवेच्या वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण ती हवा फेकायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दुसरा मार्ग नेहमीच स्वस्त पडतो. गेल्या साठ वर्षांतील प्रवासी विमानांच्या इंजिनांचा इतिहास हा बहुतांशी या एका तत्त्वाचा पाठपुरावा आहे. टर्बोफॅन इंजिनात समोरच्या मोठ्या पंख्यातून येणारी बरीचशी हवा गाभ्यातल्या भट्टीला वळसा घालून बाहेरच्या बाहेर मागे जाते. गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या तुलनेत ही वळसा घालणारी हवा किती, त्याला बायपास गुणोत्तर म्हणतात. १९८० च्या दशकात सेवेत आलेल्या सीएफएम-५६ इंजिनात ते पाच-सहा होते, २०१६ पासून वापरात आलेल्या लीप इंजिनात अकराच्या आसपास आहे, तर प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअरयुक्त टर्बोफॅनमध्ये बाराच्या आसपास. पुढची मजल मारायची तर पंखा इतका मोठा करावा लागतो की त्याच्याभोवतीचे आवरणच जड आणि वाऱ्याला आडवे येणारे ठरते, आणि मग आवरण काढूनच टाकावे, असा विचार पुढे येतो.

उघड्या पंख्याचा हा विचार नवा म्हणून मांडला जात असला तरी तो पुरेसा जुना आहे. तेलाच्या भाववाढीने हैराण झालेल्या काळात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने उघड्या पात्यांचे ‘जीई-३६’ इंजिन तयार केले, १९८६ मध्ये ते बोइंग-७२७ विमानावर उडवून पाहिले आणि १९८८ च्या फार्नबरो प्रदर्शनात एमडी-८० विमानावर बसवून जगाला दाखवले. इंधनाची बचत खरी होती, इंजिन प्रदर्शनापुरते बनवलेले नव्हते, विमान अटलांटिक ओलांडून स्वतःच्या बळावर तेथे आले होते. तरीही त्याचे एकही इंजिन विकले गेले नाही, कारण दरम्यान तेल स्वस्त झाले होते आणि आवाज व कंपने सहन करून बचत साधण्याची निकड विमानकंपन्यांना उरली नव्हती. विमानप्रदर्शनातील कोणत्याही दाव्याविषयी लिहिताना हे उदाहरण विसरता येत नाही. तंत्रज्ञान खोटे असल्याने पडले असे क्वचित घडते. ते बाजाराच्या चुकीच्या वर्षात जन्माला आले म्हणून पडले असे मात्र अनेकदा घडते.

तोच विचार जून २०२१ मध्ये ‘राइज’ या नावाने परत आला. जीई आणि फ्रान्सची साफ्रान यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची सीएफएम ही कंपनी १९७४ पासून एकत्र इंजिने बनवते. तिने जाहीर केले की उघडा पंखा, मिश्र तंतूंची पाती आणि सुधारलेला गाभा यांच्या बळावर आजच्या इंजिनांपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक इंधन वाचवता येईल आणि असे इंजिन २०३० च्या दशकाच्या मध्याला सेवेत येऊ शकेल. गंमत अशी की त्या वर्षी महामारीमुळे पॅरिसचे प्रदर्शन भरलेच नाही, म्हणजे या शतकातील सर्वाधिक चर्चेची प्रणोदन-योजना प्रदर्शनाविनाच जाहीर झाली आणि नंतरच्या प्रत्येक प्रदर्शनात तिची प्रतिकृती मात्र अग्रभागी राहिली. जुन्या इंजिनात एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या पात्यांच्या दोन रांगा होत्या. नव्या आराखड्यात पुढची रांग फिरते आणि मागची स्थिर राहून फक्त झोत सरळ करते. आवाज कमी व्हावा आणि यंत्रणा सोपी व्हावी, म्हणून हा बदल केला आहे. एअरबसने आपल्या ए-३८० विमानावर हे इंजिन बसवून उडवून पाहण्याची योजना आखली आहे. ते उड्डाण होईपर्यंत वीस टक्के हा आकडा उद्दिष्ट म्हणूनच वाचावा.

ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले आहे. तिच्या ‘अल्ट्राफॅन’ने आवरण ठेवले, पण पंख्याचा व्यास १४० इंचांवर, म्हणजे साडेतीन मीटरच्या वर नेला आणि पंखा व टर्बाइन यांच्यामध्ये गिअरची पेटी बसवली, कारण मोठा पंखा सावकाश फिरला तर बरा आणि त्याला फिरवणारी टर्बाइन वेगाने फिरली तर बरी, ही दोन्ही कामे एकाच दांड्यावर साधत नाहीत. २०२३ मध्ये डर्बी येथे त्याच्या चाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी ते पूर्ण शक्तीवर चालले. ट्रेंट मालिकेतील पहिल्या इंजिनापेक्षा ते २५ टक्के काटकसरी असल्याचा कंपनीचा दावा आहे. येथे वाचकाने सावध असावे. तुलना कालच्या इंजिनाशी आहे की तीस वर्षांपूर्वीच्या, हे पाहिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ येत नाही, आणि दोन कंपन्यांच्या दालनांतले आकडे शेजारी-शेजारी ठेवून कोण सरस हे ठरवणारे लिखाण बहुधा ही एवढी साधी गोष्ट विसरलेले असते.

गिअरची कल्पना बाजारात आणून दाखवली ती प्रॅट अँड व्हिटनीने, आणि तिची किंमत भारतीय प्रवाशांनीही मोजली. या इंजिनाने वचन दिलेली इंधनबचत बऱ्याच अंशी खरी ठरली. गिअर टिकेल का, ही सर्वांची भीती फोल ठरली. बिघडले ते भलतेच. जुलै २०२३ मध्ये कंपनीने सांगितले की काही वर्षांच्या कालावधीत टर्बाइनच्या तबकड्यांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्ध कण मिसळले होते आणि त्यामुळे तबकड्यांना वेळेआधी तडे जाण्याचा धोका असल्याने शेकडो इंजिने उतरवून तपासावी लागतील. २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरच्या आसपास विमाने जमिनीवर उभी होती. त्याआधीच, मे २०२३ मध्ये, मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याचे खापर इंजिनांच्या तुटवड्यावर फोडले. प्रॅटने तो आरोप अमान्य केला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : प्रदर्शनात लक्ष वेधले होते गिअरने आणि घात केला भुकटीने. नव्या प्रणोदनाची खरी परीक्षा त्याच्या कल्पनेत जितकी असते त्याहून अधिक त्याच्या धातूत असते.

म्हणून धातूकडे जरा थांबून पाहणे योग्य ठरेल. आधुनिक इंजिनाच्या ज्वलनकक्षातून निघणारा वायू टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर आदळतो तेव्हा त्याचे तापमान १,६०० ते १,७०० अंश सेल्सिअस असते, आणि ज्या निकेलच्या मिश्रधातूची ती पाती बनतात तो मिश्रधातू १,३५० अंशांच्या सुमारास वितळू लागतो. म्हणजे पाते त्याच्या वितळणबिंदूपेक्षा शेकडो अंश अधिक गरम वायूत, मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने, वर्षानुवर्षे फिरत राहते. हे शक्य होते ते तीन युक्त्यांनी. पाते आतून पोकळ असते व त्यातून खेळवलेली तुलनेने थंड हवा सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून बाहेर पडून पात्यावर पातळ चादर धरते. त्यावर उष्णतारोधक मृत्तिकेचा लेप असतो. आणि संपूर्ण पाते धातूचा एकच स्फटिक असते. साखरेच्या गोणीतल्या दाण्यांमध्ये आणि खडीसाखरेच्या खड्यामध्ये जो फरक, तोच ओतीव धातू आणि एकस्फटिकी पाते यांच्यात असतो : साध्या ओतकामात धातूचे असंख्य दाणे एकमेकांना चिकटलेले असतात आणि उष्णतेच्या ताणाखाली तडा जातो तो दाण्यांच्या सीमांवर, सीमाच नसल्या तर तड्याला वाट मिळत नाही. ही पाती ओतण्याची कला जगात मोजक्या देशांकडेच आहे, आणि ती ज्यांच्याकडे आहे ते इंजिन विकतात, पण ही कला सहसा विकत नाहीत.

पुणे जिल्ह्याचा सहभाग याच साखळीत, पण तिच्या दुसऱ्या टोकाला आहे. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते चाकण येथे जीईच्या बहुउद्देशीय कारखान्याचे उद्घाटन झाले. तेथे जीई-९०, जीईएनएक्स, जीई-९एक्स आणि लीप या इंजिनांचे भाग बनतात, आणि २०२४ मध्ये कंपनीने त्याच्या विस्तारासाठी २४० कोटी रुपये जाहीर केले. मुंढव्याच्या भारत फोर्जचा उदय ट्रकच्या क्रँकशाफ्टच्या घडाईतून झाला. आज ती रोल्स-रॉइसच्या पर्ल मालिकेतील इंजिनांसाठी पंख्याच्या पात्यांचे काम करते आणि मानवरहित विमानांसाठी लहान जेट इंजिने विकसित करण्याच्याही मागे आहे. विक्रोळीत गोदरेज समूहाचा कारखाना इस्रोच्या विकास इंजिनापासून विमान-इंजिनांच्या भागांपर्यंत अनेक गोष्टी बनवतो, आणि कावेरी या देशी जेट इंजिनाच्या नव्या रूपाचे भागही तेथेच तयार झाले आहेत. या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण मायक्रॉनच्या मोजमापात सातत्याने उतरणारा भाग बनवणे हीच मोठी शिस्त आहे. मात्र चाकणमधून निघणारा भाग ज्या नकाशावरून बनतो तो नकाशा चाकणचा नसतो. कोणता भाग कोणत्या तापमानाला, किती तास टिकेल, हे ठरवणारे ज्ञान नकाशाबरोबर येत नाही.

नकाशा आपला असावा, ही इच्छा मात्र जुनी आहे, आणि तिच्यामागे मराठी प्रांतात घडलेली माणसेही आहेत. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभारली. कोल्हापूर परिसरात जन्मलेले, जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी तेथे एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला आणि ते १९५१ मध्ये उडाले. विमान देशी होते, इंजिन ब्रिटिश. दहा वर्षांनी, १७ जून १९६१ रोजी, जर्मन अभियंता कुर्ट टांक यांनी आखलेले मरुत हे लढाऊ विमान उडाले, तेव्हाही हेच चित्र होते, फक्त परिणाम अधिक कडू झाले : ज्या शक्तिशाली ऑर्फियस इंजिनासाठी मरुतचा आराखडा केला होता त्याचा विकास पैशाअभावी थांबला, विमानाला दुबळे ऑर्फियस-७०३ बसवावे लागले, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठी आखलेले विमान उभ्या आयुष्यात सरळ उड्डाणात तो वेग गाठू शकले नाही. या उणिवेवर उपाय शोधताना ज्या संशोधनाला चालना मिळाली, त्यातूनच बंगळूरच्या गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचे, म्हणजे जीटीआरईचे, काम आकाराला आले.

जीटीआरईच्या कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये सुमारे ३८३ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. उद्दिष्ट ८१ किलोन्यूटन रेट्याचे होते, आणि हा आकडा आफ्टरबर्नरसह आहे. आफ्टरबर्नर म्हणजे टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन जाळून थोड्या वेळापुरता रेटा वाढवणारी व्यवस्था. प्रत्यक्षात रेटा सत्तर-पंचाहत्तरच्या दरम्यान अडला, वजन ठरल्यापेक्षा वाढले, खर्च दोन हजार कोटींच्या पुढे गेला आणि २००८ मध्ये तेजस या देशी लढाऊ विमानापासून हे इंजिन अलग करण्यात आले. या अपयशावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे हेटाळणीचे आहे. ती हेटाळणी दोन गोष्टी नजरेआड करते. एक म्हणजे ज्या देशांनी अशी इंजिने बनवली त्यांनी त्यासाठी अनेक पिढ्यांची इंजिने आधी बनवली आणि मोडली होती. दुसरी अधिक महत्त्वाची : उंचीवरच्या विरळ, थंड हवेत इंजिन कसे वागते हे तपासणारी पूर्ण आकाराची सोय आणि इंजिन टांगून उडवण्याजोगे विमान, दोन्ही देशात नव्हती, म्हणून कावेरी रशियाला न्यावे लागले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तेथल्या इल्युशिन-७६ विमानाला लावून ते प्रथम हवेत चालले. प्रत्येक दोषासाठी इंजिन पेटीत भरून परदेशी पाठवायचे, तारखेची वाट पाहायची आणि उत्तर घेऊन परत यायचे, या रीतीने विकासाचा वेग काय राहणार, हे सांगायला नको.

परिणाम आजही दिसतो. तेजस मार्क-१ए साठी जीईच्या एफ-४०४ जातीच्या ९९ इंजिनांचा करार ऑगस्ट २०२१ मध्ये झाला आणि त्यातले पहिले इंजिन हाती पडले मार्च २०२५ मध्ये. दरम्यान विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत राहिले. नाशिकजवळच्या ओझर कारखान्यातील पहिले मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब. पण विमाने तयार होण्याचा वेग ओझर ठरवत नाही, अमेरिकेतील इंजिनाची जुळणी ठरवते. अधिक शक्तीचे एफ-४१४ भारतात बनवण्याबाबत जून २०२३ मध्ये जीई व हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांच्यात समझोता झाला, आणि पाचव्या पिढीच्या विमानासाठी १२० किलोन्यूटनचे इंजिन साफ्रानबरोबर विकसित करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केला. तंत्रज्ञानाच्या हस्तांतराची टक्केवारी अशा वेळी ठळक छापली जाते. ती भागांच्या संख्येची, किमतीची की ज्ञानाची, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

मराठी वाचकाला या ठिकाणी शिवकर बापूजी तळपदे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी पाऱ्याच्या शक्तीवर विमान उडवले, ही कथा महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. त्या उड्डाणाचा समकालीन, तपासता येण्याजोगा पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा आधार दिला जातो त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच सप्रमाण मांडला आहे. तळपदे यांच्या जिज्ञासेबद्दल आदर बाळगून एवढेच म्हणता येते की नोंद नसलेली चाचणी ही चाचणी नव्हे, आणि हाच नियम ल बुर्जेच्या झगमगत्या दालनालाही लागू आहे.

आता इंधनाकडे. नवीन इंजिन सेवेत यायला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि आलेले इंजिन पुढे पंचवीस वर्षे उडते. म्हणून दरम्यानच्या काळात कार्बन-उत्सर्जन कमी करायचे तर आहे त्याच इंजिनात वेगळे इंधन जाळणे हाच जवळचा मार्ग उरतो. शेतमाल, टाकाऊ तेल किंवा काडीकचरा यांपासून बनणाऱ्या अशा इंधनाला शाश्वत विमान-इंधन, संक्षेपाने सॅफ, म्हणतात. ते रासायनिकदृष्ट्या केरोसीनच्या इतके जवळ असते की इंजिनात बदल करावा लागत नाही, तरी सध्याच्या मानकांनुसार जास्तीत जास्त निम्म्यापर्यंतच मिसळता येते, कारण खनिज इंधनातील काही गंधयुक्त संयुगे रबरी सीलना फुगवून गळती रोखतात आणि सॅफमध्ये ती सहसा नसतात. शंभर टक्के सॅफवर इंजिने चालतात हे सिद्ध झाले आहे : अल्ट्राफॅनची पहिली चाचणी अशीच झाली आणि २८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिकचे एक विमान लंडनहून न्यूयॉर्कला अशाच इंधनावर गेले. भारतात या वाटेवरचे पहिले ठळक पाऊल २७ ऑगस्ट २०१८ चे, जेव्हा जट्रोफाच्या तेलापासून बनलेल्या इंधनाचे मिश्रण घेऊन स्पाइसजेटचे विमान डेहराडूनहून दिल्लीला गेले. आणि दुसरे पुण्याचे. १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाच्या पुणे-दिल्ली विमानात प्राजने देशी कच्च्या मालापासून बनवलेले व इंडियन ऑइलने पुरवलेले इंधन एक टक्क्यापर्यंत मिसळले होते.

अल्कोहोलपासून विमान-इंधन बनवण्याची प्रक्रिया साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला कळण्याजोगी आहे. उसाच्या रसाचे किंवा मळीचे किण्वन करून इथेनॉल मिळते. त्याच्या रेणूतून पाण्याचा अंश काढला की इथिलीन हा वायू उरतो. त्याचे छोटे रेणू जोडून लांब साखळ्या करतात, त्यांना हायड्रोजन देऊन स्थिर करतात आणि शेवटी ऊर्ध्वपातनाने विमानाला योग्य तेवढा अंश वेगळा काढतात. पाणी काढण्याच्या पायरीतच १०० किलो इथेनॉलमधून फार तर ६१ किलो इथिलीन हाती येते. हा रसायनशास्त्राचा हिशेब असल्याने त्यात सुधारणेला जागा नाही. मुंबई-दिल्ली उड्डाणात मध्यम आकाराचे विमान ढोबळमानाने पाच टन इंधन जाळते. ते सगळे इथेनॉलपासून बनवायचे म्हटले तर कुठेही नासाडी न होता सव्वाआठ टन, म्हणजे दहा हजार लिटरहून अधिक इथेनॉल हवे. रसापासून टनामागे सत्तर लिटर धरले तर सुमारे दीडशे टन ऊस. आणि एकरी पस्तीस टन उतारा धरला तर चार एकरांहून अधिक रानातले वर्षभराचे पीक एका फेरीत संपते. एक टक्का मिश्रणाला मात्र दीड टन ऊस पुरतो. एक टक्क्याचे उड्डाण आणि शंभर टक्क्यांचे स्वप्न यांच्यातले अंतर या दोन आकड्यांत आहे.

आणि ऊस म्हणजे पाणी. मुठा गावाच्या वरच्या अंगाला टेमघर धरण आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते, त्यावर पुणे शहर तहान भागवते आणि उरलेले कालव्याने दौंड-इंदापूरकडे, मोठ्या प्रमाणावर उसालाच, जाते. शहर आणि कालवा यांच्यातला पाण्याचा तंटा दर उन्हाळ्यात कालवा समितीत गाजतो. त्यात विमानाला तिसरा वाटेकरी करायचे असेल तर तसे उघडपणे सांगावे लागेल. धोरणाची अनिश्चितताही लहान नाही : पाऊस कमी झाला म्हणून केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घातले, आणि ते ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने उठले. शिवाय पेट्रोलमधले वीस टक्के मिश्रण हा इथेनॉलचा आधीच ठरलेला गिऱ्हाईक आहे. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन टक्के आणि २०३० मध्ये पाच टक्के सॅफचे उद्दिष्ट ठेवले आहे, ते या मर्यादेत बसू शकेल. त्यापुढे जायचे तर रसावर विसंबून चालणार नाही, पाचट, बगॅस आणि भाताचा पेंढा यांच्याकडेच जावे लागेल. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या पानिपतच्या प्रकल्पात पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचे तंत्र प्राजचेच आहे. ही वाट अधिक खर्चाची आणि कष्टाची, तरी या आढाव्याच्या मते खरी वाट तीच.

हायड्रोजन आणि वीज यांचा निर्देश थोडक्यात पुरेसा आहे. एक किलो विमान-इंधनात सुमारे बारा किलोवॉट-तास ऊर्जा असते आणि एक किलो बॅटरीत जेमतेम पाव किलोवॉट-तास. त्यामुळे विजेवरची विमाने लहान अंतरांपुरतीच राहतील. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी चौपट जागा व्यापतो. रोल्स-रॉइसने नोव्हेंबर २०२२ मध्ये हायड्रोजनवर इंजिन चालवून दाखवले खरे, पण २०३५ चे वचन देणाऱ्या एअरबसने आपला हायड्रोजन-विमानाचा कार्यक्रम २०२५ च्या फेब्रुवारीत लांबणीवर टाकला.

राहतो तो चाचणीचा प्रश्न, आणि सगळ्या चर्चेचा कस तिथे लागतो. १९०९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील रँस येथे झालेल्या स्पर्धांत नोम इंजिनाचा लौकिक झाला तो ते दालनात चकाकत होते म्हणून नव्हे, तर त्याच्या बळावर आंरी फार्मां यांचे विमान तीन तासांहून अधिक हवेत राहिले म्हणून. मुठा नदीच्या काठाला ही गोष्ट अपरिचित नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, ज्याची मुळे १९१६ पर्यंत जातात, देशभरातील धरणांचे आणि बंदरांचे नमुने बांधून, त्यांत पाणी सोडून, मगच खऱ्या बांधकामाला दिशा दिली जाते. अशा नमुन्याचा निष्कर्ष हाती नसताना मोठे धरण बांधायला आज सहसा कोणी धजत नाही. धरणांसाठी देशाने शंभर वर्षांपूर्वी जे केले ते विमान-इंजिनांसाठी अजून पुरेसे केलेले नाही. साफ्रानबरोबरच्या इंजिनावर मोठी रक्कम खर्च होणार आहे. तिचा पहिला हिस्सा उंचीवरील परिस्थिती निर्माण करणाऱ्या चाचणीगृहाला आणि इंजिन टांगून उडणाऱ्या विमानाला मिळाला नाही, तर कावेरीची पेटी पुन्हा परदेशी जाईल, फक्त तिच्यावर वेगळे नाव असेल.

येलहंक्याच्या पुढल्या प्रदर्शनाला जाणाऱ्या मराठी वाचकाने इंजिनाच्या दालनापुढे उभे राहून रेटा किती, बचत किती टक्के, हे अवश्य विचारावे. पण त्याआधी हे इंजिन आजवर एकूण किती तास चालले, किती उंचीवर चालले आणि कोणाच्या चाचणीगृहात चालले, हे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.